गोळ्यांची पावसाळी बंदी

‘एड्सवर इलाज सापडला’ ही बातमी तुम्ही आजवर किती वेळा वाचलीत, आणि वाचून झाल्यावर काय केलंत?

मी सांगते काय केलंत. पान उलटलंत. दोन दिवसांनी त्याच कागदात मासेवालीने तुम्हाला बांगडे गुंडाळून दिले असतील. त्यात तुमचा दोष नाही. ज्याच्या घरात त्या गोळ्यांची बाटली नाही, त्याला त्या बातमीचं काय? माझ्या मामाच्या घरात ती बाटली होती. आणि त्याच्या घरी पोचलेली बातमी कुठल्याही वर्तमानपत्राने छापली नव्हती. ती मी छापली होती.

माझं लहानपण पत्रकांत गेलं. हे मी बरीच वर्षं छाती काढून सांगत असे. बाबा कुडाळच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी, मालकाचं मन वळवून, तिथेच चळवळीची पत्रकं काढायचे. रेडीच्या खनिजाची धूळ, किनाऱ्याला खेटून मासळी ओरबाडणारे ट्रॉलर, अंगात येणारे बुवा, बंद पडलेली एसटीची फेरी. ज्याच्यावर पत्रक निघालं नाही असा अन्याय आमच्या तालुक्यात झाला नसेल. अठ्ठ्याण्णव साली मी बारा वर्षांची होते आणि गोष्टींची पुस्तकं सोडून मुद्रितं तपासत होते. शाळेतल्या निबंधातही माझी वाक्यं घोषणेसारखी संपायची. बाई लाल शाईने लिहायच्या, ‘ओरडू नये.’

बाबांचे नियम ठरलेले होते. कागद एक, बाजू दोन. वाक्य एका दमात वाचून झालं पाहिजे. आणि ‘कदाचित’ हा शब्द अजिबात चालणार नाही. “‘कदाचित’ वाचून कोण जागचा उठत नाय,” ते म्हणायचे. मी ‘कदाचित’ दिसला की खोडायचे. खोडताना मजा यायची, हेही कबूल करते.

मालवणला राहणारा मामा, आईचा थोरला भाऊ, या सगळ्याची यथेच्छ टिंगल करायचा. “तुझ्या बापाशीच्या कागदात भजी बरी रवतत गो,” तो मला म्हणायचा. “तेल बरां ओढता.” पण कागद हातात पडला की खाली टाकायचा नाही. सातवी शिकलेला माणूस, ओठ हलवत शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि मग घडी घालून टोपीत ठेवायचा.

मामा रापणीवर होता. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत जायचं, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि मग चाळीस-पन्नास माणसांनी, त्यात बाया-म्हातारेही आले, ते ओढत आणायचं. जो ओढेल त्याला वाटा. मामा दोराला क्वचित हात लावायचा. तो किनाऱ्याच्या टोकाला उंच कातळावर उभा राहून पाणी बघायचा. मासळीचा थवा आला की पाण्याचा रंग बदलतो म्हणतात. मला तो कधी दिसला नाही. मामाला दिसायचा. त्याने हात वर केल्याशिवाय होडी सुटत नसे. अर्धा अर्धा तास पन्नास माणसं त्याच्या हाताकडे बघत बसलेली मी पाहिली आहेत, आणि एरवी ज्यांचं तोंड क्षणभर मिटत नाही अशी ती माणसं तेवढा वेळ खोकतसुद्धा नसत.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला हा माणूस वाळायला लागला. ताप जाईना, जेवण अंगी लागेना. तीन दवाखाने झाले, एक देवऋषीही झाला (बाबांना हे तेव्हा कळू दिलं नाही), आणि शेवटी कुणीतरी शहाण्या डॉक्टरने रक्त तपासलं. मामाला एचआयव्हीची लागण होती. मामीला नव्हती. त्याला ती कशी झाली हे इथे लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. मलेरियाच्या रोग्याला आपण डासाचा पत्ता विचारत नाही.

हे कळलं ते चौघांना. मामा, मामी, आई आणि मी. मामी मालवणच्या बाजारात मासे विकायची. तिने पहिल्याच दिवशी मला समोर बसवून सांगितलं, “बाय, बाजारात कळलां तर माझ्या पाटयेतलो एक बांगडो कोण घेवचो नाय. तुझ्या बापाशीक पण सांगू नको. तो पत्रक काढीत.” ती विनोद करत नव्हती.

फुकट औषधं सुरू झाली होती. महिन्याला एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन बाटली आणावी लागे. मामा तिथे सरळ जात नसे. मालवणहून एसटीने कसालला उतरायचं, बाजारात गेल्यासारखं करायचं, एक कोबी घ्यायचा, मग तिथून पुढे रिक्षा. येताना पिशवीत खाली बाटली, वर कोबी. कॉलेजला सुट्टी असेल तेव्हा मी बरोबर जायचे. त्या घरात दर महिन्याला एकदा कोबीची भाजी व्हायची आणि दोघांपैकी एकालाही कोबी आवडत नव्हता. औषधाच्या केंद्रावर घरचा पत्ता विचारला तेव्हा मामाने कसालचा कुणाचा तरी ठोकून दिला. मी शेजारीच उभी होते. मला तेव्हा ती हुशारी वाटली.

औषधाने काम केलं. खोटं कशाला सांगू, ते पाहण्यासारखं होतं. वर्षाच्या आत मामा पुन्हा त्या कातळावर उभा. सकाळच्या रेडिओच्या बातम्यांना एक गोळी, संध्याकाळच्या बातम्यांना दुसरी. “बातम्यो चुकतीत, माझी गोळी चुकाची नाय,” तो म्हणायचा. आणि चुकली नाही. दोन वर्षांत एकदाही नाही.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मी बीएस्सीची शेवटची परीक्षा दिली आणि कुडाळच्या सायबर कॅफेत जाऊन बसू लागले. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: मामा बरा झालाय, तर गोळ्या जन्मभर कशाला? तिथे जे वाचलं ते मला अर्धं कळलं, पण त्या अर्ध्यानेही मी पेटले. हा विषाणू आपल्या रक्तातल्या काही पेशींच्या आत, त्यांच्या गुणसूत्रांतच, आपली प्रत लिहून ठेवतो आणि मग ती पेशी शांत पडून राहते. वर्षानुवर्षं. गोळ्या अडवतात ते विषाणूचं वाढणं. जो वाढतच नाही, नुसता पडून आहे, त्याला त्या काही करू शकत नाहीत. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत तो परत. आणि जगात काही शास्त्रज्ञ याच साठ्याच्या मागे लागले होते. निजलेल्या पेशींना जागं करायचं, विषाणूला उघड्यावर आणायचं आणि मग संपवायचं. मिरगीवरचं एक जुनं औषध त्यासाठी वापरून पाहिलं होतं आणि सुरुवातीला आशाही दिसली होती.

मी थेट मालवणला गेले. मामा खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसून जाळं विणत होता.

“तर मगे माका सांग,” सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “मी गोळी खातंय, रिपोर्ट बरो येता. मगे हो आवशीचो घोव लपता खंय?”

“रक्तात काय पेशी असतत, मामा. तेंच्या पोटात जावन तो निजता. निजलेलो आसा तोपर्यंत गोळी तेका काय करूक शकणा नाय.”

मामाची सुई थांबली. “म्हणजे खडपातलो मासो.”

“काय?”

“अगो, मासो खडपात शिरलो, खडकांच्या फटीत, की भायरसून कितीय जाळां मार. तेका काय होता? जाळां फाटता. मासो थंयच.”

“मामा, बरोबर! अगदी तसांच!”

“आणि ते शास्त्रज्ञ काय करतत?”

“तेका भायर काढूक बघतत. भायर काढूचो आणि मारूचो.”

“हां,” मामा म्हणाला आणि पुन्हा विणायला लागला. “कळलां.”

‘कळलां.’ मी त्या शब्दावर खूश होऊन परतले. दोन वर्षं रसायनशास्त्राच्या सरांना जे माझ्या डोक्यात घालता आलं नसतं ते एका रापणकराने एका वाक्यात सांगितलं होतं. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. बाबांना मामाचं माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, पोरीला विज्ञानप्रसाराचा विषय सापडला. ते खूश झाले. मथळा होता, ‘खडपातला शत्रू’. त्यात मी लिहिलं की एचआयव्ही खडपातल्या मासळीसारखा लपतो, की जगातले शास्त्रज्ञ त्याला बाहेर काढण्याच्या मागे आहेत, की तो बाहेर आला म्हणजे संपला, की हा आजार बरा होणार आहे आणि ते औषध गरिबाला फुकट मिळालं पाहिजे. ‘बरा होणार आहे.’ पहिल्या कच्च्या मसुद्यात ‘कदाचित’ तीनदा होता. तिन्ही मी स्वतः खोडले. बाबांना हातही लावावा लागला नाही.

आणखी एक ओळ होती: संशोधन अजून प्रयोगशाळेत आहे, तोवर गोळी एक दिवसही चुकवू नये. तीही काढली. सरकारकडे करायची मागणी मोठ्या टायपात बसत नव्हती, आणि मला वाटलं, हे तर प्रत्येक रोग्याला डॉक्टर सांगतातच. त्यासाठी जागा कशाला? एक हजार प्रती निघाल्या. मालवण, कुडाळ, कसाल, सगळ्या स्टँडवर मी स्वतः खळ लावून चिकटवल्या. एक मामाला नेऊन दिली. त्याने ओठ हलवत वाचली. आपली उपमा छापलेली बघून लाजला. “माझां नाव घालूक नाय मां?” असं विचारलं, मी नाही म्हटल्यावर घडी घालून टोपीत ठेवली.

जूनमध्ये मी एमएस्सीसाठी कोल्हापूरला गेले.

आता आमच्या किनाऱ्यावरची एक रीत सांगायला हवी. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या ओढून वर घेतात, झावळ्यांनी शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात कोणी जात नाही. सरकारची बंदी नंतरची, रीत जुनी. त्या दिवसांत मासळी अंडी घालते, तिला हात लावायचा नसतो. मग पौर्णिमेला वाजतगाजत जाऊन दर्याला नारळ द्यायचा, आणि मोसम सुरू. हे सगळ्यांना माहीत आहे. रापणीवरच्या माणसाला याच्याशिवाय आणखी एक गोष्ट माहीत असते, जी मला माहीत नव्हती. मासा खडपात शिरला की हुशार रापणकर जाळं मारत बसत नाही. तो गप्प बसतो. पाण्यात काठी आपटत नाही, होडी जवळ नेत नाही. शांत झालं की मासा आपणहून वाळूवर येतो, आणि तेव्हा जाळं पडतं. मामाने उपमेचा पहिला अर्धा भाग मला सांगितला होता. दुसरा त्याने सांगितला नाही, कारण तो कुणालाही माहीत असतो असं त्याला वाटलं. मी विचारला नाही.

नारळी पौर्णिमेला मी घरी आले. मिरवणूक बंदराकडे चालली होती आणि मामा पुढे होता, नवीन टोपी घालून, हातात सोनेरी कागद लावलेला नारळ. मी त्याला पाठमोरा ओळखला नाही. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. नारळ देऊन झाल्यावर तो माझ्याकडे आला, खोकला, आणि हसला. ओठांच्या कडेला पांढरे चट्टे होते.

“मामा, काय झालां? ताप आसा तुका?”

“येवचोच ताप,” तो म्हणाला. आवाजात इतका आनंद मी त्याच्या फार कमी वेळा ऐकला होता. “भायर इलो मां तो!”

“कोण भायर इलो?”

“तोच. खडपातसून. अडीच म्हयने गप रवलंय. होडी वर घेतलंव त्या दिवसापासून एक गोळी खावक नाय. आज दर्याक नारळ दिलो, आज सांजेच्या बातम्यांक परत सुरू. आता सगळो वाळूत आसा बघ. एका ओढीत सगळो भायर!”

मी मामीकडे बघितलं. ती नारळाची शेंडी हातात घेऊन उभी होती.

“मामी, तू काय बोलाक नाय?”

“बोललंय मां,” ती म्हणाली. “तेका विचारलंय, डॉक्टरान सांगलां काय रे? तर म्हणालो, छापलेलां आसा. आपल्या चेडवान लिवलां आसा.” आणि माझ्याकडे बघून, “तू खोटां कित्या छापशीत?”

केंद्रावरून पत्रं गेली असतीलच, एखादा माणूसही शोधत गेला असेल. कसालच्या त्या खोट्या पत्त्यावर.

दुसऱ्या दिवशी मी मामाला घेऊन गेले. त्या दिवशी कोबी घेतला नाही. डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. मामा कचेरीत गेला की नेहमी बसायचा तसा ताठ बसला आणि त्याची कडक, इस्त्रीची मराठी सुरू झाली.

“औषध किती दिवस बंद होतं?”

“अडीच महिने, मॅडम.”

“का?”

“पावसाळा होता ना. बंदी असते.”

“काका, बंदी मासेमारीला असते. गोळ्यांना कुणी घातली?”

“माझी मीच घातली.”

“कुणी सांगितलं? कुठे वाचलंत काही?”

मामाने माझ्याकडे बघितलं नाही. “नाही. मला वाचता येत नाही, मॅडम.”

त्याच्या टोपीत माझं पत्रक होतं. मी शेजारच्या खुर्चीत होते. रेडीच्या खाणीवर, ट्रॉलरवर, बुवांवर ओरडणारी मी, दुसऱ्यांकडे जबाब मागत मोठी झालेली मी, तोंड मिटून बसले. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. बहुधा ‘निरक्षर’.

त्यांनी शांतपणे समजावलं. तीन औषधं एकत्र दिलेली असतात. सगळी एकदम थांबवली तरी ती अंगातून एकदम जात नाहीत. दोन लवकर उतरतात, एक बरेच दिवस रेंगाळतं. तेवढ्या दिवसांत विषाणू वाढायला लागलेला असतो आणि समोर एकटं तेवढंच औषध असतं. त्याच्याशी कसं वागायचं ते तो शिकतो. “तसं झालंच असेल असं नाही,” बाई म्हणाल्या. “कदाचित नसेल झालं.”

झालं होतं. सुरुवातीला मामा थोडा सावरला, मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा उतरला. क्षयाने गाठलं. पहिल्या औषधांना विषाणू जुमानेनासा झाला की दुसऱ्या फळीची औषधं लागतात. ती तेव्हा आमच्या बाजूच्या माणसाला फुकट मिळायची तर मुंबईलाच. तिथे जायचं, तपासण्या करायच्या, कागद कुठल्याशा समितीपुढे जायचे. मामा दोन वेळा गेला. दुसऱ्यांदा परतताना त्याला गाडीतून उचलून उतरवावं लागलं. कागद पुढे सरकत होते असं आम्हाला सांगण्यात येत होतं.

मी कोल्हापूरच्या ग्रंथालयात बसून, जे आधी वाचायला हवं होतं ते, तेव्हा वाचलं. मिरगीच्या औषधाचा गुण पुढच्या प्रयोगांत दिसला नव्हता. आणि औषध मुद्दाम मधूनमधून बंद ठेवून पाहावं, ही कल्पना एकट्या माझ्या मामाला सुचलेली नव्हती. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी, वेगळ्या कारणांसाठी, ते करून पाहिलं होतं, आणि बंद ठेवलेल्यांचेच हाल जास्त होतात असं दिसल्यावर एक मोठा प्रयोग मध्येच थांबवला होता. मी पत्रक लिहिलं त्याच्या आधी. सायबर कॅफेत अजून अर्धा तास बसले असते तर सापडलं असतं. म्हणून कोणी माझ्या मामाला अडाणी म्हटलेलं मी ऐकून घेत नाही. त्याचं डोकं त्याच वाटेने चाललं होतं. त्यांना थांबवायला माणसं होती. त्याला मी होते.

त्या पावसाळ्यानंतरच्या हिवाळ्यात दुसरी एक बातमी आली. परदेशात एका रोग्याला रक्ताच्या कर्करोगासाठी दुसऱ्याची अस्थिमज्जा दिली, आणि गोळ्या बंद करूनही त्याच्यात विषाणू सापडेना. मामीने बाजारातून वर्तमानपत्राचा कागद आणला, माशाच्या वासाचा, आणि अंथरुणाजवळ ठेवला. ‘एड्सवर इलाज!’ उद्गारचिन्हासकट.

“ह्यां खरां काय गो?” मामाने विचारलं.

मी जमिनीवर बसले आणि सांगितलं. हळूहळू. तो माणूस एक आहे. त्याला कर्करोग होता, म्हणून एवढा जिवावरचा उपचार केला. ज्याने मज्जा दिली त्याच्या पेशी वेगळ्याच होत्या, विषाणूला आत शिरायची वाट न देणाऱ्या. असे लोक फार थोडे. तो परत येणार नाही असं अजून कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. आपल्याला याचा आज उपयोग नाही. पुढे कधीतरी, कदाचित. मग मी म्हटलं, “मामा, आता तू माका सांग. काय कळलां तुका?”

त्याने सांगितलं. थांबत थांबत, दम लागत होता म्हणून, पण एकूण एक बरोबर सांगितलं. मग डोळे मिटून म्हणाला, “चेडवा, आता बरां सांगतंस.”

त्याने मला याहून जास्त काही कधीच ऐकवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी आज जरा बरी झोपले असते.

शिमग्याच्या आधी तो गेला. मुंबईचा कागद नंतर आला; मंजूर झाला होता.

तेव्हा कुठे बाबांना सगळं सांगितलं. म्हणजे आजाराचं सांगितलं. बाबा रडले, आणि दुसऱ्या दिवशी खिशातून पेन काढून म्हणाले, दुसऱ्या फळीच्या औषधांवर पत्रक काढू. मी लिहिलं. औषधासाठी आजारी माणसाने शेकडो किलोमीटर का जावं, हा त्याचा मथळा. जिल्ह्यात वाजलं ते पत्रक. निवेदनं गेली, सह्या झाल्या, एका सभेत मी बोलले आणि टाळ्या पडल्या. त्यात लिहिलेलं सगळं खरं होतं. मामाच्या गोळ्या अडीच महिने का बंद होत्या, हे त्यात नव्हतं. बाबांनी विचारलं, “त्याने औषध मधे सोडलेलां काय?” मी म्हटलं, “पावसात जाता येईना.” त्यांनी ते वाक्य तसंच छापलं. त्यांच्या आयुष्यातलं, माझ्या माहितीतलं, पहिलं खोटं वाक्य, आणि ते त्यांना मी दिलं.

हे लिहून झाल्यावर पहिल्यांदा त्यांनाच वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढला, आणि त्या दिवसापासून जेवताना माझ्याकडे बघत नाहीत. मामीला वाचून दाखवलं. ती अजून बाजारात बसते, आणि तिथे अजून कोणाला माहीत नाही. ती म्हणाली, “नाव नको घालू. बाकी सगळां घाल.”

संशोधन थांबू नये. एक दिवस हा आजार मुळासकट जाईल असं मला आजही वाटतं. वाटतं एवढंच म्हणते. पण तो दिवस यायचा आहे, आणि आज संध्याकाळची गोळी आज संध्याकाळी आहे.

म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. तुमच्या घरात, वाडीत, कामावर या गोळ्या घेणारं कोणी असेल आणि ते तुम्हाला माहीत असेल, म्हणजे त्या माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवून सांगितलं असेल, तर या आठवड्यात त्याच्याजवळ जाऊन बसा. चारचौघांत नको, एकट्याने. हा लेख त्याला वाचायला देऊ नका. त्याला काही समजावूही नका. त्याच्याकडून ऐका: या गोळ्या काय करतात, काय करत नाहीत, आणि त्या थांबवल्या तर काय होईल असं त्याला वाटतं. मध्ये बोलू नका, त्याला शेवटपर्यंत बोलू द्या. आणि त्याच्या बोलण्यात कुठेही गोळ्या थांबवायचा बेत आला, कितीही शहाणपणाचा वाटला तरी, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने त्याला घेऊन केंद्रावर जा, आणि डॉक्टरांनी कारण विचारलं तर शेजारच्या खुर्चीत गप्प बसू नका.